डेव्ह बिंगबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही डेट्रॉइटच्या बाहेर ट्रॉयला राहतो. इथे ऑटो कंपन्यांमुळे मराठी माणसं भरपूर, पुण्याहून भाचे-पुतणे शिकायला येतात ते पण आमच्याकडेच आधी उतरतात, आणि घरात डेव्ह बिंगचा विषय निघाला की सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. मंडळाच्या कार्यक्रमात पण दोन-तीन जणांनी विचारलं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. खेळाडू असतानाच्या बिंगला मी "तो" म्हणणार, आपण सचिनला म्हणतो तसं, पुढचं लिहिताना आपोआप "ते" होतं, ते तसंच ठेवलंय.

हा डेव्ह बिंग नक्की कोण?

सिराक्यूज युनिव्हर्सिटीचा १९६० च्या दशकातला स्टार बास्केटबॉल प्लेयर, मग डेट्रॉइट पिस्टन्स ह्या प्रोफेशनल टीमचा गार्ड (बॉल पुढे नेणारा, टीममधल्या बुटक्यांपैकी एक), मग स्टीलच्या धंद्यातला यशस्वी माणूस, मग डेट्रॉइटचे महापौर, आणि आता शहरातल्या पोरांसाठी काम करणारे आजोबा. जन्म २४ नोव्हेंबर १९४३, वॉशिंग्टन डीसी. वडील गवंडी, आई लोकांच्या घरी कामाला जायची, चार भावंडं आणि छोटंसं घर. वडिलांच्या डोक्यात एकदा कामावर चार मजल्यांवरून वीट पडली होती, आणि त्या काळात काळ्या माणसाच्या घरात असा अपघात झाला की पुढचे महिने कसे जायचे ते घरातल्या पोरांनाच माहीत.

डोळ्याचं जे सांगतात ते खरं आहे का?

खरं आहे. पाच वर्षांचा होता तेव्हा खेळायला घोडा केला होता, दोन काठ्या एकमेकींना खिळ्याने ठोकलेल्या, बस, एवढाच घोडा. त्यावर बसून पळताना पडला आणि तो खिळा डाव्या डोळ्यात गेला. ऑपरेशनला पैसे नव्हते, डोळा राहिला पण त्या डोळ्याला आयुष्यभर अंधुकच दिसलं. आता बास्केटबॉलमध्ये रिंग किती लांब आहे, समोरचा किती जवळ आलाय हा सगळा अंदाज दोन डोळ्यांचा असतो, एक डोळा झाकून साधी सुई ओवून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. ह्या माणसाने हे असं करत करत एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, १८,३२७ पॉइंट केले. मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो हे ऐकूनच, मॅचेस मी नंतर बघितल्या.

कॉलेजच्या बास्केटबॉलला एवढं महत्त्व का? आपल्याकडे तर कॉलेजच्या मॅचला कोणी येत नाही.

इथे येतात, हजारोंनी येतात. शहरात प्रोफेशनल टीम नसेल तर कॉलेजची टीम हीच गावाची टीम असते, आपल्याकडे गावच्या कुस्त्यांच्या फडाला जसं अख्खं गाव जातं तसं समजा. आणि एनबीएवाले खेळाडू निवडतात ते मुख्यतः कॉलेजमधूनच, त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात, तो शब्द पुढे लागणार आहे.

मग तो सिराक्यूजलाच का गेला? तेव्हा ती टीम चांगली होती का?

चांगली? १९६१-६२ च्या सीझनला सिराक्यूजने २ मॅच जिंकल्या होत्या आणि २२ हरल्या होत्या, लागोपाठ २७ हरण्याचा नको तो विक्रम पण त्याच सुमाराचा. बिंग डीसीच्या स्पिंगार्न हायस्कूलचा, एनबीएचा मोठा खेळाडू एल्जिन बेलर पण त्याच शाळेचा, आणि बिंगला देशभरातून कॉलेजं बोलावत होती. पण सिराक्यूज बघायला गेला तेव्हा त्याला कॅम्पस फिरवून दाखवायला होता एर्नी डेव्हिस. हा फुटबॉलवाला, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळते ती हाइझमन ट्रॉफी मिळवणारा पहिला काळा खेळाडू, साल १९६१. त्याने आपुलकीने सगळं दाखवलं, इथे काळ्या मुलाला काय काय सोसावं लागेल आणि काय मिळेल हे सांगितलं, आणि बिंगचं ठरलं. दुर्दैवाने एर्नी डेव्हिस मे १९६३ मध्ये ल्युकेमियाने गेला, फक्त २३ वर्षांचा होता. म्हणजे बिंग कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतानाच. मला नेहमी वाटतं की बिंग पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना हाताला धरून चालवत राहिले त्याची एक मुळी इथे आहे, हे माझं मत आहे, कुठे लिहिलेलं नाही.

कॉलेजमध्ये नक्की केलं काय त्याने?

तेव्हा नियम असा होता की पहिल्या वर्षाच्या मुलांना मेन टीममधून खेळता यायचं नाही, त्यांची वेगळी टीम. त्यामुळे खऱ्या मॅचेस तीनच सीझनच्या. त्यात ७६ मॅचमध्ये १,८८३ पॉइंट, म्हणजे मॅचला सरासरी २४.८. शेवटच्या वर्षी, १९६५-६६ ला, सरासरी २८.४ आणि वर मॅचला दहाच्या पुढे रिबाउंड (हुकलेला शॉट परत आला की तो बॉल पकडणं), आणि हा सहा फूट तीन इंचाचा गार्ड, गार्डने एवढे रिबाउंड घेणं म्हणजे विकेटकीपरने रोज पाच विकेट काढण्यासारखं आहे. त्या वर्षी सिराक्यूजची टीम सरासरी ९९ पॉइंट करत होती, देशात सगळ्यात जास्त, आणि तेव्हा लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट हा प्रकारच नव्हता हे लक्षात घ्या. २२ जिंकल्या, ६ हरल्या, नॅशनल टूर्नामेंटमध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीकडून ९१-८१ हरून बाहेर. बिंग त्या वर्षी ऑल-अमेरिकन झाला, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत आला, सिराक्यूजला १९२७ नंतर म्हणजे ३९ वर्षांनी मिळालेला पहिला. ज्या कॉलेजची टीम वर्षात दोन मॅच जिंकत होती तिथे चार वर्षांत हे सगळं झालं. आज सिराक्यूज म्हटलं की बास्केटबॉल आठवतो त्याची सुरुवात इथून आहे.

जिम बेहाइम त्याचा रूममेट होता का?

हो. सिराक्यूजचे पुढे १९७६ पासून २०२३ पर्यंत कोच राहिलेले बेहाइम हेच. स्कॉलरशिप नसताना टीममध्ये शिरलेला चष्मेवाला मुलगा आणि टीमचा सगळ्यात मोठा स्टार एका खोलीत.

डेट्रॉइटला कसा काय आला?

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. १९६६ चा ड्राफ्ट. पहिला नंबर पिस्टन्सना मिळणार की न्यूयॉर्क निक्सना हे नाणं उडवून ठरायचं होतं. डेट्रॉइटच्या सगळ्या लोकांना हवा होता कॅझी रसेल, तो मिशिगन युनिव्हर्सिटीचा, म्हणजे घरचाच पोरगा, इथून गाडीने तासाभरावर खेळायचा. नाणं पडलं निक्सच्या बाजूने, त्यांनी रसेलला नेलं आणि पिस्टन्सना दुसऱ्या नंबरवर बिंग घ्यावा लागला. म्हणजे नवरदेव म्हणून जो हवा होता तो दुसऱ्या मांडवात गेला आणि हा आला, आणि सगळं गाव तोंड पाडून बसलं. कॉलेजचा २२ नंबर पण मिळाला नाही कारण तो आधीच डेव्ह डीबुशरच्या अंगावर होता, म्हणून २१. त्याच गावाशी हा माणूस पुढे आयुष्यभर बांधलेला राहिला, आणि गावाने त्यालाच पुढे महापौर केलं.

एनबीएमध्ये खरंच एवढा मोठा होता का, की डेट्रॉइटवाले उगाच कौतुक करतात?

पहिल्याच वर्षी सरासरी २० पॉइंट आणि रूकी ऑफ द इयर, म्हणजे त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधला सर्वोत्तम. दुसऱ्या वर्षी, १९६७-६८ ला, २,१४२ पॉइंट करून अख्ख्या लीगमध्ये पहिला, आणि तो काळ विल्ट चेंबरलेनसारख्या सात फुटी माणसांचा, गार्डने लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट करणं वीस वर्षांत झालं नव्हतं. त्याच सीझनच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांत, बोस्टनसमोर एका मॅचला ४४, त्यातले ३७ फक्त सेकंड हाफमध्ये. सात वेळा ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंची दरवर्षीची मॅच), १९७६ च्या ऑल-स्टार मॅचचा एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, १९९० मध्ये हॉल ऑफ फेम, एनबीएच्या १९९६ च्या सर्वोत्तम ५० मध्ये नाव आणि २०२१ च्या ७५ व्या वर्षाच्या यादीतही नाव. अजून किती हवं.

आणि दुसऱ्या डोळ्याला पण काहीतरी झालं होतं ना?

झालं ना. ऑक्टोबर १९७१, सीझनच्या आधीची साधी सरावाची मॅच, लेकर्स टीमचा हॅपी हेअरस्टन, त्याचं बोट चुकून ह्याच्या उजव्या डोळ्यात गेलं आणि रेटिना सुटला. उजवा म्हणजे चांगला डोळा! डॉक्टर म्हणाले खेळ सोड. ऑपरेशन झालं, तीन महिन्यांच्या आत परत कोर्टवर, त्या सीझनला ४५ मॅच खेळला आणि सरासरी साडेबावीसच्या वर. दिसत पूर्वीसारखं नव्हतंच, पण कोर्टवर आपण कुठे उभे आहोत आणि बाकीचे कुठे असणार हे त्याला न बघता कळायचं, लहानपणापासून तीच सवय होती.

चॅम्पियनशिप जिंकली का?

नाही. बॉब लेनियर हा दुसरा मोठा खेळाडू टीममध्ये आल्यावर १९७३-७४ ला टीम ५२ मॅच जिंकली, पण प्लेऑफमध्ये शिकागोकडून सातव्या मॅचला गेलं सगळं. १९७५ मध्ये त्याला वॉशिंग्टनच्या टीमला पाठवलं, शेवटचा सीझन बोस्टनला, १९७८ मध्ये रिटायर.

एवढा मोठा प्लेयर आणि बँकेत नोकरी? हे काय प्रकरण आहे?

पहिला पगार वर्षाला १५,००० डॉलर होता, आजचे कोट्यवधी डोक्यातून काढून टाका. घर घ्यायला डेट्रॉइटमधल्या एका बँकेकडे कर्ज मागितलं तर त्यांनी दिलं नाही. आता आपण काय केलं असतं, चार शिव्या घालून दुसरी बँक बघितली असती. हा माणूस उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे सीझन नसताना, बँकेतच कामाला लागला. लीगचा टॉप स्कोअरर, आणि कॅशियरच्या खिडकीमागे बसून लोकांचे पैसे मोजून देतोय. तिथून एकेक खातं करत सात वर्षं उन्हाळे काढले, कर्ज कोणाला देतात, का देतात, कागद कसा वाचतात ते सगळं शिकला. आणि ही वर्षं कुठली, तर १९६७ च्या जुलैमध्ये ह्या शहरात दंगल झाली, ४३ माणसं मेली, त्यानंतर ज्याला जमेल तो शहर सोडून बाहेर पळत होता, ती वर्षं.

१९७७ मध्ये एनबीएने त्याला समाजासाठीच्या कामाचं केनेडी सिटिझनशिप अवॉर्ड दिलं, खेळत असतानाच.

स्टीलच्या धंद्यात कसे घुसले? नावावर चालला असेल ना धंदा?

ह्या प्रश्नाला मी जरा लांब उत्तर देणार कारण मी स्वतः भोसरीला सहा वर्षं प्रेस शॉपला होतो आणि पत्रा काय चीज आहे हे मला माहिती आहे.

रिटायर झाल्यावर डेट्रॉइटच्या पॅरागॉन स्टीलने बोलावलं. त्यांना हवा होता चेहरा, कस्टमरला भेटायचं, हात मिळवायचा, फोटो काढायचा. बिंग म्हणाले मला पब्लिक रिलेशन नको, धंदा शिकवा. दोन वर्षं डिस्पॅचपासून सेल्सपर्यंत सगळं बघितलं. मग १९८० मध्ये स्वतःची बिंग स्टील, चार माणसं, भाड्याचं गोडाऊन, स्वतःचे ८०,००० डॉलर आणि अडीच लाखांचं कर्ज. आणि वर्ष बघा कुठलं. मंदी, क्रायस्लर सरकारी मदतीवर उभी, व्याजदर २० टक्क्यांच्या वर गेलेला. सहा महिन्यांत घरचे सगळे पैसे गेले.

स्टील सर्व्हिस सेंटरचं काम असं असतं की मिलमधून पत्र्याची कॉइल येते, एकेक दहा-पंधरा टनांची, ती कस्टमरला हव्या त्या रुंदीत स्लिटरवर चिरायची, लांबीला कापायची आणि वेळेवर पोचवायची. कॉइलची बांधलेली पट्टी कापताना आमच्याकडे सगळे बाजूला व्हायचे, कारण पट्टी सुटली की पत्र्याचं बाहेरचं टोक फणा काढल्यासारखं सट्कन उघडतं, आणि एकदा उघडलं की ते कोणाचा हात आहे ते बघत नाही. मशीन, क्रेन, शेड, सगळं महाग, आणि मार्जिन म्हणाल तर टनामागे चिमूटभर. तिथे तुम्ही ऑल-स्टार होतात म्हणून परचेसवाला एक पैसा जास्त देत नाही, पत्रा अर्धा मिलिमीटर जाड आला तर लाइन थांबते आणि फोन येतो, बस.

बिंगनी काय केलं तर स्वतःच्या मशीनचा नाद सोडला, दुसऱ्याकडून प्रोसेस करून घ्यायचं आणि आपण मध्ये उभं राहून माल पोचवायचा. जनरल मोटर्स पहिला मोठा कस्टमर मिळाला. दुसऱ्याच वर्षी ४२ लाख डॉलरची विक्री आणि नफा. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या हातून अल्पसंख्याक लघुउद्योजकांचा राष्ट्रीय पुरस्कार. १९८५ ला दोन प्लांट, ६३ माणसं, ४ कोटी डॉलरची विक्री. आणि प्लांट ठेवले डेट्रॉइट शहरात, जिथून बाकीचे कारखाने उठून बाहेर चालले होते, माणसं पण शहरातलीच घेतली. नावाने पहिली भेट मिळते हे खरं. दुसरी ऑर्डर मालानेच मिळते.

शाळांच्या खेळांसाठी काहीतरी केलं होतं ते काय?

१९८९. डेट्रॉइटच्या सरकारी शाळांकडे पैसे संपले आणि खेळच बंद करायला निघाले, बास्केटबॉल, फुटबॉल, सगळंच. बिंगनी पुढाकार घेऊन उद्योजकांकडून वर्गणी गोळा केली आणि खेळ वाचवले. वर्गणीसाठी दारोदार फिरणं काय असतं हे गणपती मंडळात काम केलेल्या माणसाला सांगायला नको. ज्या पोरांच्या घरी बघायला कोणी नाही त्यांचा दुपारी तीन ते सहा हा वेळ फार वाईट असतो, त्या वेळेला कोच समोर असणं आणि नसणं ह्यात फार मोठा फरक पडतो.

महापौर कसे झाले?

आधी एक गोष्ट समजून घ्या, आपल्याकडे महापौर म्हणजे मानाचं पद, खरी सही आयुक्तांची. डेट्रॉइटला तसं नाही, महापौर आणि आयुक्त दोन्ही एकच माणूस, पोलीस, कचरा, बस, दिवे सगळं त्याच्या डोक्यावर. २००८ मध्ये तेव्हाचे महापौर क्वामे किलपॅट्रिक यांना भानगडींमुळे राजीनामा द्यावा लागला. बिंग तेव्हा ६५ च्या घरात, राहायला उपनगरात फ्रँकलिनला, सगळं सुखात. शहरात अपार्टमेंट घेऊन राहायला आले आणि उभे राहिले. उपरा म्हणून टीका झालीच. मे २००९ ला पोटनिवडणूक जिंकली, त्याच नोव्हेंबरला पूर्ण टर्मसाठी परत जिंकली. पगार वर्षाला एक डॉलर घेतला.

पण शहर तर त्यांच्याच काळात दिवाळखोर झालं! मग कौतुक कशाचं?

हा प्रश्न बरोबर आहे आणि टाळायचा नाही. १८ जुलै २०१३ ला डेट्रॉइटने दिवाळखोरी जाहीर केली, १८ अब्ज डॉलरच्या आसपास देणी, तोपर्यंतची अमेरिकेतल्या कुठल्याही शहराची सगळ्यात मोठी. तेव्हा खुर्चीत बिंगच होते. पण चार महिने आधीच राज्याने केविन ऑर यांना प्रशासक नेमलं होतं आणि महापौरांकडे फारसे अधिकार उरले नव्हते.

खड्डा साठ वर्षांचा होता. १९५० ला ह्या शहरात साडेअठरा लाख माणसं होती, २०१० च्या जनगणनेला ७,१३,७७७. रस्ते तेवढेच, पाइप तेवढेच, पेन्शनवाले तेवढेच, टॅक्स भरणारे अर्ध्याहून कमी. बिंग आले तेव्हाच तूट ३० कोटी डॉलरच्या पुढे होती. आम्ही त्या काळात रात्री शहरातून गाडीने जायचो तेव्हा मैलच्या मैल रस्त्यावर दिवा नाही, दहातले चार दिवे बंदच असायचे. बिंगनी दहा हजार पडीक घरं पाडायचं ठरवलं, लोकांना तुरळक वस्तीतून दाट वस्तीत आणायची योजना मांडली. घरं पाडायचं काम झालं बऱ्यापैकी, वस्ती हलवायची योजना लोकांना पटली नाही, आणि मला वाटतं इथे त्यांचं चुकलं. ज्या म्हातारीने चाळीस वर्षं त्याच घराचे हप्ते भरलेत तिला नकाशा दाखवून "इकडे या" म्हणता येत नाही, तिच्या ओट्यावर जाऊन आधी बसावं लागतं. कंपनी चालवणाऱ्या माणसाला कौन्सिल, म्हणजे नगरसेवकांची सभा, चालवणं पण जड गेलं, युनियन, कौन्सिल, राज्य सरकार तिन्हीकडून ओढाताण, त्यात २०१२ ला तब्येतीने दगा दिला, आतड्याचं ऑपरेशन आणि मग फुप्फुसात रक्ताच्या गाठी. २०१३ च्या मे मध्ये त्यांनी सांगून टाकलं की परत उभा राहणार नाही.

शहर वाचवता आलं नाही, हे मान्य. पण भानगडींनी बदनाम झालेल्या त्या ऑफिसातून हा माणूस स्वच्छ हाताने बाहेर पडला, आणि डेट्रॉइटच्या लोकांना ती गोष्ट तेव्हा किती हवी होती हे इथे राहिल्याशिवाय कळणार नाही.

आता काय करतात?

महापौरपद संपल्यावर, २०१४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, बिंग यूथ इन्स्टिट्यूट काढली. डेट्रॉइटमधल्या काळ्या मुलांसाठी मेंटरिंगचं काम. एका मुलामागे एक मोठा माणूस, नुसतं भाषण देऊन जाणारा नाही, महिनोन्महिने भेटणारा, अभ्यासाचं विचारणारा, कॉलेजचा फॉर्म कसा भरायचा, इंटरव्ह्यूला कसं बसायचं, टाय कसा बांधायचा हे सांगणारा. आपल्याकडे एकत्र कुटुंबात काका-मामा जे करायचे तेच. लोक म्हणतात एवढ्या मोठ्या माणसाने एवढं छोटं काम, मला ते छोटं वाटत नाही, स्टील आणि महापौरकीपेक्षा मला हेच जास्त त्यांचं वाटतं, एर्नी डेव्हिसने कॅम्पस दाखवला होता तेच काम पन्नास वर्षांनी उलट बाजूने.

आम्ही डेट्रॉइटला येतोय, बघण्यासारखं काय आहे?

पिस्टन्स आता डाउनटाउनला लिटल सीझर्स अरीनामध्ये खेळतात, मॅचला गेलात तर वर छताकडे बघा, २१ नंबर टांगलेला दिसेल, १९८३ पासून तो नंबर दुसऱ्या कोणाला देत नाहीत. तिथून नदीकडे खाली या. बिंग ज्या कोबो अरीनात खेळला ती आता अरीना राहिली नाही, कन्व्हेन्शन सेंटरचा मोठा हॉल झालाय, काचेतून समोर नदी आणि पलीकडे कॅनडाचं विंडसर दिसतं. हिवाळ्यात आलात तर टोपी विसरू नका, नदीवरचा वारा कानाला फार लागतो. आणि फोन करा, जेवायला घरी यायचं.